चावी देताना

शनिवारी दुपारी चारला बेतिनाच्या धक्क्यावर
माझ्या कमरेला अकरा बोटींच्या अकरा चाव्या
आणि समोर अकरा कप्तान,
ज्यांची बायकामुलं टरबूज घेऊन आधीच चढलीत वर.

हा लिंत्सचा. दातांचा डॉक्टर. राइनहोल्ट.
परवाना कोरा करकरीत, घडीही न मोडलेला.
यादी उघडून चमचे मोजायला बसला.
बारा. हो, बाराच. ठेवा ते खाली.
चमचे सगळेच मोजतात हो,
साखळी कोणी मोजत नाही.

चला नाळेवर.
साठ मीटर. दर दहावर लाल पट्टा,
माझ्याच हातचा, मार्चच्या थंडीत रंगवलेला.
पाणी सहा मीटर असेल तर तीस सोडायची,
वारा असला तर आणखी. साखळीला पैसे पडत नाहीत.
मग इंजिन उलटं, हळू, अजून थोडं,
आणि हात साखळीवर ठेवून ऐकायचं:
थरथरली तर नांगर घसरतोय,
ताठ होऊन गप्प बसली तर धरलं त्यानं.
बोटं मात्र चक्रापासून लांब, डॉक्टर.
तुमचं पोट त्या बोटांवर आहे.
मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू निवडा,
एकामागे एक दिसणाऱ्या. झोपण्याआधी बघा,
रात्री उठाल तेव्हा बघा.

आता वाका. हे इंजिन.
सुरू केलं की आधी मागे जायचं,
नळी पाणी थुंकतेय का बघायला.
नसेल तर बंद. लगेच. गाणी नंतर लावा.
ही गॅसची तोटी, कॉफी झाली की बंद.
हा संडासाचा व्हॉल्व्ह. यावरचं व्याख्यान तुम्ही द्या.
हा रेडिओ, चॅनेल सोळा. मुलीलाही शिकवा.
कप्तानच पाण्यात पडला
तर कप्तानाला कोण उचलणार?

तो हसतो. मुलगी हसत नाही.
आनेलीझ, चौदाची असेल, दातांना तारा,
बापाच्या यादीच्या पाठीमागे सगळं लिहून घेतेय.

वारा? वाऱ्याचं असं आहे,
तिकडे वेलेबितच्या माथ्यावर
पांढरी टोपी दिसली, जागची न हलणारी,
आणि वर आकाश निळंशार,
तर त्या दिवशी मासा खायला लांबच्या बेटावर जायचं नाही.
बुरा येते आहे. ती दार वाजवत नाही.
आणि बायकोनं विचारलं, शीड जरा जास्त नाही का झालं,
तर वाद घालू नका.
तिनं विचारलं तेव्हाच उशीर झालेला असतो.

माझा बाप येर्को, पन्नास वर्षं सार्डिन धरली,
पोहता यायचं नाही.
रेडिओवर हवामान ऐकायचा, तरी बाहेर जाऊन मान वर करायचा.
दोघांचं जुळलं तरच निघायचा.

बुधवारी रात्री पावणेतीनला फोन.
ती. कुजबुजत.
झोपताना चर्चचा दिवा आणि जेट्टीचा दिवा
एकावर एक होते. आता मध्ये बोटभर काळोख आहे.
बाबांना उठवू?

अजून उठवलं नाहीस?

मग पावलं. भांडं पडल्याचा आवाज. इंजिन.
आणि कोणीतरी ओरडलं, पाणी येतंय, पाणी येतंय!
माझा जीव गेला.
क्षणभरानं कळलं, नळीतून.
मग रेंजच गेली. गॅलरीत जाऊन उभी राहिले मी,
मान वर करून, उजाडेपर्यंत.

शनिवारी आठच्या आत 'लास्तावित्सा' धक्क्याला लागली.
मागच्या बाजूला हातभर ओरखडा.
दोनशे युरो कापले. तो काही बोलला नाही.
गॅसची तोटी बंद होती.
चमचे अकरा. म्हटलं, राहू दे.

मुलगी नाळेवर बसून साखळी चाचपत होती.
"पन्नासचा पट्टा गेलाय," म्हणाली,
"त्या रात्री सगळी सोडली होती आम्ही."

मार्चला अजून खूप वेळ होता.
मी रंगाचा डबा आणला, ब्रश तिच्या हातात दिला.
वर रस्त्यावर त्यांची टॅक्सी हॉर्न वाजवत होती.
वाजवू दे.