पंधरा ऑगस्ट, शिरोली एमआयडीसी

झेंडावंदन सव्वासातला उरकलं.
भट्टीला सुट्टी नसते, म्हणून मलाही नाही:
दुभाषी, दिवसाचे अडीच हजार, वर जेवण.

मगदूमांच्या टेबलावर जिलेबीचा पुडा,
पाक कागदातून फुटून ड्रॉइंगवर उतरलेला.
एका बाजूला कुसाकाबे-सान, निईगाताचे,
महिन्याला चार हजार ब्रॅकेट उचलणारे.
समोर लियाओ, शेन्यांगचा,
भट्टीचं पॅनेल दुरुस्त करायला आलेला.
त्याला जपानी येते, माझ्यापेक्षा बरी.
मी सागरमाळावर दोन वर्षं फी भरून शिकले.
तो हौसेनं शिकला.
त्याच्या पणजोबांना छडीखाली शिकावी लागली होती.
हे त्यानं चहाला साखर विचारावी
तितक्या सहज सांगितलं.

मग दोन फोन एकदम थरथरले.
तोक्योत कुणी मंत्री
युद्धातल्या मृतांच्या देवळात जाऊन वाकला होता,
बीजिंगनं राजदूताला बोलावून घेतलं होतं.
कुसाकाबेंनी फोन पालथा घातला.
लियाओनं उताणाच ठेवला.

"आज आमच्याकडं युद्ध संपल्याचा दिवस," कुसाकाबे म्हणाले.
"हरल्याचा," लियाओ म्हणाला. हळू.
"संपल्याचा."

"काय म्हणत्यात ओ?" मगदूमांनी मला विचारलं.
"तारखेबद्दल बोलतायत."
"कुठल्या? डिलिव्हरीच्या?"

मी हो म्हटलं. खोटं तरी कुठं होतं?
कोपऱ्यात पोती रचलेली आहेत, चिनी मातीतून काढलेली भुकटी.
चिमूटभर पडली नाही तर
लोखंडातला काजळ गोळ्या धरत नाही,
पापुद्र्यांनी पसरतो,
आणि ब्रॅकेट नेमकं त्याच रेषेवर तडकतं.
तिकडं कुणी वाकलं
की कुठल्याशा बंदरात कागद अडतात,
आणि महिन्याभरात शिरोलीत पोत्याचा भाव चढतो.
मगदूमांना एवढाच इतिहास ठाऊक, आणि तो तोंडपाठ.

लियाओ सांगत होता,
सप्टेंबरात एका सकाळी त्याच्या शहरात भोंगा वाजतो.
गाड्या थांबतात, लोक उभे राहतात,
ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही तेही.
कुसाकाबे म्हणाले,
त्यांच्या आजोबांनी मांचुरियाबद्दल
एकच वाक्य मागे ठेवलं: थंडी फार होती.
घरात त्यापुढं कुणी विचारलं नाही.

मला वाटलं, विचारावं:
मग आता तुम्ही तरी विचारा.
पण दुभाष्याला स्वतःचं वाक्य नसतं.

आणि कुठल्या तोंडानं विचारणार होते?
आमचीही एसटी कोगनोळीला अडते,
पाटीवरच्या गावाच्या नावाला डांबर लागतं,
मगदूमांची सख्खी बहीण बेळगावात, त्या वर्षी
राखी कुरिअरनं आली.
मोबाइलवर कुणी एक चित्र लावतं,
तीनशे वर्षांपूर्वीचा मेलेला उठून बसतो,
पापाच्या तिकटीला शटर खाली.
त्या दिवशी दस्तगीर मोल्डर कामावर आला नव्हता.
दुसऱ्या दिवशी आला. कुणी काही विचारलं नाही.
थंडी फार होती, असंही तो म्हणाला नाही.

दुपारी शॉपवर गेलो.
ओतायच्या आधी साचा उघडा होता,
काळी वाळू, चापून गुळगुळीत केलेली.
लियाओ वाकला, बोटानं दोन अक्षरं काढली.
कुसाकाबेंनी वाचलं: रेकिशी.
लियाओनं वाचलं: लीशी.
तीच अक्षरं. इतिहास.
दोघं थोडे हसले, अवघडून,
चुलतभावांनी जुन्या वाटणीच्या कागदावर
एकाच आजोबाची सही ओळखावी तसे.

दस्तगीर थापी घेऊन वाट बघत होता.
"बाई, त्यास्नी सांगा," तो म्हणाला,
"साच्यात काय लिवू नगा.
ओतल्यावर उलटं उमटतंय,
आनि मग ग्राइंडर मारला तरी जात न्हाई."

मी तोंड उघडलं.
याचं जपानी करायला मला वेळ लागला.
तोवर वरून लॅडल निघाला होता.