चतुःसीमा

कोर्टाच्या तळघरात ओल शोषणारं यंत्र दिवसभर घुरघुरतं.
लुएटा बजावते, पेन नको, पेन्सिल चालेल,
आणि डबा वर जाऊन खायचा.
चाळीस वर्षं टेनेसीच्या या डोंगरांत
मी दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या,
भावाभावांच्या मधे खुंट ठोकले.
आता गुडघे गेले.
आता कागद मोजतो.

खरेदीखतांचं पुस्तक चौथं, पान दोनशे बारा:
ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून सुरुवात,
तेथून ईशान्येस बासष्ट काठ्या, रोवलेल्या दगडापर्यंत,
तेथून जुळ्या डॉगवुडांपर्यंत, अब्सलमच्या हद्दीला लागून,
तेथून ओढा वळेल तसं वळत
पुन्हा ओकपाशी.

ओक कधीच पडला असणार.
ओढ्यानं तर माझ्या देखत दोनदा कूस बदलली.

विकणार टोबायस रेन्फ्रो आणि त्याची बायको कझाया.
माझ्या खापरपणजीच्याही वरची ती;
तिथं नात्याला शब्द पुरत नाहीत.
कारकुनानं एकाच पानावर तिचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलंय
आणि ती काही म्हणाली नाही,
कारण वाचता येणारं तिथं तो एकटाच.

मग कायद्याप्रमाणे तिला नवऱ्यापासून बाजूला नेलं
(दाराआड? ओसरीवर? खत सांगत नाही)
आणि विचारलं, हक्क सोडतेस तो स्वखुशीनं ना,
धाक नाही, दडपण नाही?
ती म्हणाली, हो.
खाली निशाणी: फुली,
एक पाय लांब, ढांग टाकल्यासारखा.
इतकंच तिचं बोलणं दोनशे वर्षांत माझ्यापर्यंत आलं.
मी ते आठवडाभर खिशात घेऊन फिरलो.

मग तिच्या बापाचं मृत्युपत्र सापडलं.
देह थकला, स्मृती शाबूत,
बायकोला पिसांची गादी आणि अर्धं घर, ती विधवा राहील तोवर,
अब्सलमला गिरणी,
मुलगी कझाया हिला एक शिलिंग.
एक शिलिंग!
मला वाटलं, म्हातारा कंजूष.
लुएटा म्हणाली, तसं नव्हे, शिलिंग मुद्दाम ठेवायचे,
नाहीतर पोर कोर्टात येऊन म्हणेल
बाप मला विसरला.
विसरला नव्हता, एवढं सिद्ध करायची ती किंमत.

मी रागावलो. इतक्या जुन्या माणसावर
इतकं ताजं रागावता येतं हे ठाऊक नव्हतं.
ओळन् ओळ उतरवून घेतली,
आणि घरी वहीत पाहिलं तर एक ओळ नव्हती.

परत आलो. पाहिलं.
बांडी गाय आणि गिरणी यांच्या मधोमध:
मुलगी दायना, वय अंदाजे बारा, अब्सलमला.
ही ओळ मी तीनदा वाचली होती.
तीनदा माझा अंगठा तिच्यावर होता,
पान उडू नये म्हणून,
असं मी स्वतःला सांगितलं.

दायनाला कुणी बाजूला नेलं नाही.
स्वखुशीनं का, कुणी विचारलं नाही.
फुली उमटवायलाही आधी
कुणीतरी असावं लागतं.

शेजारच्या टेबलावर अर्नेस्टीन गेदर,
मंगळवारपासून रोज येतात,
नॅशव्हिलहून, दोन बस बदलून.
आडनाव हाती नाही, नुसतं एक नाव,
आणि आजीनं सांगितलेलं: पाण्यावर फिरणारं मोठं चाक.
त्या रोज मृत्युपत्रांचं दुसरं पुस्तक मागतात,
आणि लुएटा रोज सांगते,
ते त्या गृहस्थांकडे आहे.

मी पुस्तक सरकवलं.
बोट ठेवून ओळ दाखवली, आणि बोट काढून घेतलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
बराच वेळ फक्त यंत्र बोलत होतं.
मग त्यांनी विचारलं,
ही गिरणी नेमकी कुठं होती?

तेवढं मला सांगता येण्यासारखं होतं.
मी कोरा कागद घेतला,
पेन्सिलीला टोक केलं,
आणि अब्सलमच्या हद्दीपासून
मोजायला सुरुवात केली.