आकड्यापुरता रंग

खारेगाव नाक्यापासून कळव्याच्या बाजारापर्यंत
पाट्यांवरचे आकडे माझे आहेत.
अक्षरं कुणाकुणाची. काही रहीमचाचांची,
ज्यांनी मला ब्रश धरायला शिकवला,
काही त्यांच्याही आधीची.
मला बोलावतात ते आकड्यापुरतं.

'पेंटर, दहाचे बारा कर.'
'पेंटर, त्या बाराचं बघ काहीतरी.'
पूर्वी वर्षातून एकदा, दिवाळीच्या तोंडावर,
पाटी धुऊन, उदबत्ती लावून.
आता शिडी घरी नेतच नाही,
दत्ताराम सलूनवाल्याकडे उभी असते.

दोनाचा तीन करणं सगळ्यात सोपं:
खाली एक पोट वाढवायचं.
चाराचा पाच करायचा तर सगळं खरवडावं लागतं.
शून्याला कष्ट नाहीत,
मनगट फिरलं की झालं,
आणि हल्ली शून्यंच जास्त निघतात.

दत्तारामची कटिंग साठ होती तेव्हा
खाली दाढीची ओळ होती, तिलाही आकडा होता.
लॉकडाऊन उठल्यावर शंभर केले.
गेल्या गणपतीत दीडशे.
दाढीची ओळ त्याने पुसूनच टाकायला सांगितली,
लोक घरीच करतात म्हणाला.
मीही.

पोळीभाजीच्या केणीवहिनींनी
मला शिडीवरून खाली उतरवलं.
'आकड्याला हात नको लावूस. बारा म्हणजे बारा.
समोर बांधकामावरची पोरं आहेत, एकेक जण पाच-पाच खातो.'
मग तेल? गॅस? कणीक?
त्यांनी तळहात पुढे धरला, बोटं जराशी आत घेतली.
'एवढी होती. आता एवढी.'
आणि आवाज खाली आणून,
'पातळही लाटते. पोरांना कळतं रे.
कुणी बोलत नाही.'

त्या दिवसापासून मीही
सहा नंबरचा ब्रश ठेवून चारचा घेतला.
ऑइलपेंटचा डबा दिसतो तेवढाच,
किंमत तेवढी नाही,
आणि माझा भाव आकड्याला तीस रुपये,
आठ वर्षं झाली.
बायको विचारते, 'सगळ्यांचे वाढवत फिरतोस,
स्वतःचे कधी?'
माझी पाटी कुठाय, म्हणतो.
ती हसत नाही.
खोलीचा करार दर अकरा महिन्यांनी, दहा टक्के वर.
घरमालकाला पेंटर लागत नाही.

नवरात्रात विश्राम गावंडने गिरणीवर बोलावलं.
'गहू, ज्वारी, भाजणी, नावं राहू देत.
आकड्यांच्या जागी काळ्या चौकटी कर.
खडू मी आणलाय.'
खडू सुतळीला बांधून खिळ्याला टांगलेलासुद्धा होता.
चौकटी नीट केल्या, कोपरे काटकोनात.
चौकटीचे किती घ्यायचे
ते त्यालाही माहीत नव्हतं, मलाही.
शंभराची नोट दिली त्याने, वर तीन किलो दळण फुकट.

परवा ते फुकटचं दळण घेऊन गेलो.
गव्हासमोर कुणा पोराने खडूने नऊ काढलेला,
मान मोडलेला.
मला बघवेना.
अंगठ्याने पुसला.

चौकट रिकामी झाली तशी
मागची रांग गप्प झाली.
गिरणी चालूच होती, पट्ट्याची फटफट,
ऊन पिठाचा वास, सगळं होतं,
माणसं तेवढी गप्प.
एक बाई डबा कमरेवर धरून
दोन पावलं पुढे आल्या.
'आता किती?'

'तेवढेच,' म्हटलं.
खडू सुतळीसकट ओढून घेतला
आणि नऊ काढला,
सावकाश, मान सरळ.
बाईंनी डबा खाली ठेवला.