आश्विनातला बोंडू

दारातून आत आणली तेव्हाच वास आला.
मी विचारलंसुद्धा, बोंडू कुणी आणलेत?
आश्विन होता. काजूला अजून मोहोर नव्हता.

दुर्वा कोयंडे, वय अकरा.
काट्यावर उभी राहीना, म्हणून बापानं कडेवर घेतली,
मग त्याचं वजन वजा केलं:
बावीस किलो.
गणपतीत फुगडी घालताना हाच फ्रॉक घट्ट होता म्हणे.

"पोटात दुखता. कालपासून ओकता."
आत्ये बोलत होती. बाप गप्प,
तांडेलानं अर्ध्या रात्री किनाऱ्याला सोडलेला,
हाताच्या केसांत बांगड्याचे खवले.
"पाणी पिता नि मुतता, पिता नि मुतता.
गाऱ्हाणा घातला देवाक.
कोणाची तरी हाय लागली, सिस्टर."
न्हाणीत मुंग्या लागतात
हे तिनं पदर सावरता सावरता सांगितलं,
चार दिवस, नाही, आठ.

होडीत पाणी शिरलं की माणूस उपसत राहतो,
बोलत नाही, वर बघत नाही,
तसा तिचा श्वास चालला होता.
खोल. एकसारखा. डोळे अर्धे मिटलेले.
आत काहीतरी आंबट साचत होतं
आणि छाती ते बाहेर टाकत होती.
जीभ वाळत घातलेल्या सोड्यासारखी.

बोटाला सुई टोचली. मीटरवर आकडा आलाच नाही,
दोन इंग्रजी अक्षरं आली फक्त.
आत्येच्या सातवीतल्या मुलानं मोठ्यानं वाचलं: "हाय."
"बघा!" आत्येनं हात जोडले. "मी म्हटला नव्हता?"

माझ्या मोजण्यापलीकडे आहे, एवढंच यंत्राला म्हणायचं होतं.
समजावत बसायला वेळ नव्हता.

डॉक्टर ओरोसला मीटिंगमध्ये.
रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी, म्हणून शिपाई तिथं उभा
आणि आम्ही खिडकीतून एकमेकांवर ओरडतोय.
"सलाईन आधी! इन्सुलिन इथं नको!"
"किती?"
"पहिल्या तासात दोनशे वीस! घाई केलीत तर मेंदूला सूज!"
तिसऱ्यांदा शीर सापडली.
थेंब मोजत बसले.
तहानेनं कोरड्या पडलेल्या पोरीला पाणी हळू द्यायचं,
हे डोक्याला लगेच कळतं, हाताला कळत नाही.
हात चाक सैल करायला जातो.

एकशेआठ आली तेव्हा उजाडलं होतं.
गाडीत मी तिला दर पाच मिनिटांनी नाव विचारत होते.
खारेपाटणच्या अलीकडे ती वैतागली:
"दुर्वा! कितीदा सांगू?"
इतकं गोड कुणी माझ्यावर खेकसलं नव्हतं.

आता ती शाळेत जाते.
लाईट गेली की इन्सुलिन ओल्या मडक्यात.
सुई स्वतःच टोचते, पोटावर, बडबड करत.
दप्तरात खडीसाखर;
हात थरथरले, घाम सुटला, उगाच राग आला
तर आधी साखर तोंडात, मग मला फोन,
हे तिच्या बाईंनाही पाठ आहे.
सगळे म्हणतात, सिस्टरचं नाक!

नाकाचं मला सांगू नका.
त्याच्या तीन वर्षं आधी खाडीपलीकडून
अन्सार आला होता. वय नऊ. असंच पोट. असाच श्वास.
वास तेव्हाही आला होता.
पण वैशाख होता, समोरच्या पडवीत आंब्याच्या पेट्या भरत होते,
मला वाटलं, वारा इकडचा आहे.
अपेंडिक्सची चिठ्ठी लिहून पुढे पाठवला.
तो फोंड्यापर्यंतसुद्धा पोचला नाही.

म्हणून हंगामात माझी झोप उडते.
सगळा तालुका घमघमतो,
रस्ते, एसट्या, आलेल्या माणसांचे हात.
मुंबईकर खोल श्वास घेऊन म्हणतात, वा!
आणि मी, ओकणारं पोर कुणाचंही असो,
आधी त्याच्या बोटाला सुई टोचते,
मग वाकते, अगदी तोंडाजवळ नाक नेते.
आयांना वाटतं,
बाई पापा घेतायत.