खडू

तिसऱ्या मजल्यावर, सोमवार पेठेकडच्या खिडकीशेजारी
तिकोने सिस्टरनी फळा टांगला.
"चुका लिहा. नाव नको."
आठवडाभर खडू झिजला नाही.

मंगळवारी सातला, ड्यूटी बदलताना,
त्यांनीच लिहिलं:
'अकराला बाराचं इंजेक्शन. माझ्या हातून. पेशंट बरा आहे.'
खाली सही. पूर्ण नावाची.

कुणी खोकलंसुद्धा नाही.
ट्रॉलीचं एक चाक तेवढं कुरकुरत गेलं.

मग फुलाबाई, फरशी पुसता पुसता:
"मला लिवता येत न्हाई, पर सांगू?
रातच्याला त्या कपाटापाशी उजेडच नसतोय.
अकरा काय न् बारा काय,
ट्रे सारखेच दिसत्यात."

सिस्टरनी खडू माझ्याकडे दिला.
"त्या बोलल्या तसंच लिही."

बल्ब मीच आणला, तपकीर गल्लीतून.
बिल घ्यायचं विसरलो.
तेही आता फळ्यावर आहे.