कीस

कागदावर एकोणीस प्रश्न. शिवलीला वाचते,
कन्नडमधनं मराठीत आणत, मधेच अडखळत:
पेसमेकर? नाही. मेंदूत क्लिप? नाही.
कधी डोळ्यात लोखंड गेलंय?

मी गप्प.
उद्यमबागेत तेहतीस वर्षं लेथवर;
कुणाच्या डोळ्यात गेलं नाही तिथं?
चौऱ्याण्णव साली, पंपाची बॉडी बोअर करताना,
डावा डोळा. खडेबाजारातल्या डॉक्टरनं
सुईच्या टोकानं कीस काढला, बारा रुपये घेतले.
सगळा निघाला का, हे विचारायचं राहिलं.

तर आधी डोळ्याचा एक्स-रे.
छातीसाठी आलेला माणूस
कपाळ टेकून बसतो थंड पाटीला.
बाहेर मालन, पदरात माझं सगळं धरून:
करदोट्याची चांदी, सौंदत्तीचा ताईत, कवळी,
साबण लावून उपसलेली अंगठी.
"एवढंच होय लोखंड तुमच्यात?" म्हणते.

डोळा साफ निघाला.

जन्मभर नळ्या आतून बघितल्या,
नळीत स्वतः कधी शिरलो नव्हतो.
ठोके सुरू झाले, प्रेस शॉपसारखे,
फक्त माल पडत नव्हता.
कानात शिवलीला: उसिरु हिडीरी. श्वास धरा.
बिडरी. सोडा.
दहाव्या खेपेला तिनं मराठी गाळलं.
मला कळलंही नाही, छाती थांबतच होती.

मग दंडातून ते औषध,
पडल्या पडल्या काळजाला चढण चढवणारं.
राजहंसगड, भर उन्हात,
मागं कुत्रं लागलेलं.

डॉक्टर हुक्केरी पडद्यावर दाखवतात:
काळीज आडवं चिरलेलं, कांद्याची चकती.
रक्तातलं औषध येतं तसा स्नायू उजळतो,
सगळा नाही.
खाली, घड्याळात पाच वाजतात त्या जागी
एक कड काळीच. दोन ठोके. तीन. चार.
मग मळकट उजेड.
"रक्त पोचतंय," म्हणतात, "पण उशिरा."

किती राहिलाय बोअर?
"ते तार घालून बघावं लागेल.
नळी आवळलीय, एवढं यात दिसतंय."
तीन मिलिमीटरची नळी, आत चढलेली काट.
जॉब माझ्याकडं आला असता तर
रीमर फिरवला असता, फुंकर मारली असती,
दिव्यासमोर धरून एक डोळा मिटला असता.
उजवा. सवयीनं मी अजून डाव्यानंच बघतो.

रिक्षात मालन एकेक वस्तू परत देते.
अंगठी पेरावर अडते.
"अरुंद झालीय की ही," म्हणते,
आणि बोट तसंच धरून ठेवते
गोगटे सर्कल येईपर्यंत.