पट्टी धरणारी

ऑर्गन जुळवायला दोघं लागतात.
एक आत, कथील-शिशाच्या नळ्यांच्या रानात, शिडीवर,
आणि एक बाहेर, पट्टी दाबून बसलेलं.
मी चौदाव्या वर्षापासून बाहेरची.
आतून हार्लनमामाचा आवाज येतो, "धर."
मग बराच वेळ काही नाही, नुसता एक सूर
थरथरत, भांडत, हळूहळू शहाणा होत.
मग, "पुढची."

आयोवा, नेब्रास्का, दोन्ही डाकोटा.
जिथे चर्च तिथे काम, जिथे काम तिथे प्रचार.
व्हॅनच्या एका दारावर: डायक्स्त्रा, ऑर्गन दुरुस्ती.
दुसऱ्यावर: डायक्स्त्रा, राष्ट्राध्यक्षपदासाठी.
साल रंगवलेलं नाही. साल तो खडूनं लिहितो.

त्याचं म्हणणं एका पोस्टकार्डावर मावतं.
पोटातलं मूल मारू नये, आणि फाशीही देऊ नये कुणाला.
रविवारी कारखाना बंद, मजूर घरी.
लॉटरी नको.
दाराशी आलेल्याला दारातून परत पाठवू नये.
पहिल्या अर्ध्या ओळीला टाळ्या देणारे
उरलेल्या अर्ध्याला घसा खाकरतात,
आणि शेवटच्या ओळीपर्यंत सगळे कॉफीकडे गेलेले असतात.

ओमाहात एकदा मोठ्या पक्षाचा माणूस आला,
चकचकीत बूट, बगलेत फाइल.
"फाशीचं तेवढं वगळा, मग बोलू."
मामानं त्याला आपलं अर्धं सँडविच दिलं
आणि विचारलं, तुमच्या चर्चमधला ऑर्गन कसा आहे?

चौथ्या खेपेला निकालाच्या तक्त्यात
मोंटानातल्या बिटर क्रीक काउंटीपुढे आकडा होता: एक.
तिथे आम्ही कधी गेलो नव्हतो. तिथे ऑर्गनच नाही.
"कोण असेल गं?"
जेवताना, पाना पुसताना,
प्रार्थनेनंतर डोळे उघडता उघडता.
शेवटी मार्चमध्ये निघालो, नऊशे मैल,
त्या एका मताचे आभार मानायला.
पेट्रोल पंप, शाळा, गुरांचा बाजार, पोस्ट.
पोस्टातली बाई म्हणाली, मत गुप्त असतं, मिस्टर.
"ठाऊक आहे," तो म्हणाला, टोपी हातात घेऊन,
"नाव नकोच मला. निरोप तेवढा पोचवा."
निरोप काय, ते मात्र त्याला सांगता येईना.
फळ्यावर हरवलेल्या कुत्र्याच्या फोटोशेजारी
त्यानं एक चिठ्ठी टाचली:
मिळालं. हार्लन.

परतताना तो झोपला. गाडी माझ्याकडे.
बर्फातून शेतं काळी काळी वर येत होती
आणि तिथेच कुठेतरी मला हिशेब लागला.

आमच्या गावात त्याला सतरा मतं पडली होती.
सतराही तो बोटांवर मोजतो:
हेन्ड्रिकामामी, पास्टर, बेकरीवाले दोघे भाऊ,
पोलिओनं पाय गेलेला टूनिस, त्याची बहीण...
सतरावी मी.
मी एकदाही त्याच्या नावापुढे खूण केलेली नाही.
जिंकू शकणाऱ्यांत कमी वाईट कोण
ते पाहून आले, चारचौघांसारखी.
म्हणजे गावात कुणीतरी एक आहे
जे मामाच्या बोटांवर नाही,
गुपचूप त्याला मत देतं
आणि दुकानात भेटलं की मक्याचं, पाऊसपाण्याचं बोलतं.
नऊशे मैलांची गरज नव्हती.
पण हे सांगायचं तर आधी माझं सांगावं लागतं.
सू फॉल्सपर्यंत मी रेडिओ लावून ठेवला.

यंदा सातवी खेप.
खडूचं साल पावसानं दोनदा पुसलं.
त्याचा डावा कान गेलाय, हे तो मामीला सांगत नाही.
काल एका लहानशा चर्चमध्ये, आतून, "धर."
पांढरी चार.
सूर केसभर चढा होता, मला ऐकू येत होतं.
"जुळला?"
इतक्या वर्षांत हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.
मी पट्टीवरचं बोट काढलं नाही.
"अजून थोडा खाली," म्हणाले.
शिडी करकरली. नळीवर दोनदा टकटक.
"आता?"
"आता."
"पुढची."